मधलं सगळं

व्हिडिओ अडकला की शिव्या दोघांनाच पडतात, टीव्हीला नाहीतर हार्ड डिस्कला. एडिट सेटअपमध्ये सर्व्हर बसवायचा, मशिन्स एकमेकांना जोडायची आणि प्रिव्ह्यूच्या खोलीत चित्र न अडखळता पोहोचवायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. टेपांच्या जमान्यापासून या धंद्यात आहे. या सगळ्या काळात टीव्ही खरोखर बिघडलाय किंवा डिस्क खरोखर गेलीय असं फार थोड्या वेळा पाहिलं. दोष असतो तो मधे. भिंतीतून गेलेल्या वायरीत, फाइलीच्या नावात, कुणीतरी कधीतरी देऊन ठेवलेल्या परवानगीत, रात्री वीज जाऊन आल्यावर बदललेल्या पत्त्यात. आणि मधल्या गोष्टींना वाली नसतो. टीव्ही देणारा वेगळा, सर्व्हर विकणारा वेगळा, वायर ओढणारा तिसराच. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि तरी पडद्यावरचं ते चक्र फिरत राहतं.

माझं बरंचसं काम चारकोपात चालतं. कांदिवली पश्चिमेचा हा भाग ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने इथे छोटे छोटे प्लॉट आखले. रस्ते, पाणी, गटारं, वीज एवढं सरकारने द्यायचं आणि घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं, अशी ती योजना. पस्तीस घरांची एक सोसायटी आणि मधे सामायिक अंगण. आधी सगळी बैठी घरं होती, मग पोरं मोठी झाली, मजले चढले. आज कुठल्याही सेक्टरमध्ये शिरा, खाली शिकवणी, पार्लर, झेरॉक्स, शिंपी. वर राहती जागा. आणि मधूनच एखाद्या वरच्या मजल्यावर काळे पडदे लावलेल्या खोलीत कुणीतरी मालिकेचा एपिसोड कापत बसलेलं असतं. गोरेगावची चित्रनगरी लांब नाही, मढचे बंगले मार्वेच्या पलीकडे, आणि अंधेरीतलं भाडं परवडेनासं झालेलं. त्यामुळे असे घरगुती सेटअप इकडे सरकत आले. २०२२च्या एप्रिलमध्ये मेट्रो २अ सुरू झाल्यावर डहाणूकरवाडीला उतरून येणारे असिस्टंटही वाढले. एरवी स्टेशनवरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहण्यातच त्यांची निम्मी सकाळ जायची.

अशाच एका सेटअपची गोष्ट सांगतो, कारण त्यात या कामातलं जवळपास सगळं आलं. मालकीणबाई स्वतः एडिटर. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. सासरच्या घराचा वरचा मजला. एका खोलीत तीन एडिट मशिन्स, दोन विंडोजची आणि एक मॅक. जिन्याच्या वरच्या बाजूला कपाटात चार डिस्कचं नॅस, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना वापरता येईल असं साठवणीचं खोकं. पलीकडच्या छोट्या खोलीत सोफा आणि भिंतीवर मोठा टीव्ही. डायरेक्टर, क्रिएटिव्ह आणि चॅनेलच्या मॅडम येऊन तिथे एपिसोड बघणार, सुधारणा सांगणार, लॉक करणार.

आधी हे सगळं पेनड्राइव्हवर चालायचं. एडिटर फाइल काढायचा, पेनड्राइव्हवर कॉपी करायचा, असिस्टंट तो घेऊन पलीकडच्या खोलीत पळायचा. बावीस मिनिटांच्या एपिसोडची टेलिकास्ट कॉपी ५० मेगाबिटची धरली तर ती साधारण सव्वाआठ जीबी होते. साध्या पेनड्राइव्हवर तेवढं चढायला पंधरा मिनिटं सहज जातात. त्यातून पेनड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असला तर चार जीबीच्या वरची एक फाइल तो घेतच नाही. मग पुन्हा फॉरमॅट करा, पुन्हा चढवा. तोवर मॅडमचा दुसरा चहा झालेला असतो. मॅडम म्हणतात, तो सासूचा क्लोज थोडा लांबवा. झालं, बदल दोन सेकंदांचा, पण पंधरा मिनिटांची वारी परत.

ताईंचं म्हणणं सरळ होतं, "अरे, फाइल त्या कपाटात आहेच ना? मग टीव्हीला तिथूनच वाचू दे की."

ऐकायला सोपं आहे. पहिली अडचण टीव्हीचीच. दुकानात तो कितीही हुशार म्हणून विकला जात असला, तरी बहुतेक स्मार्ट टीव्हींच्या पाठीमागची लॅनची खाच अजूनही १०० मेगाबिटचीच असते. शिवाय एडिटर ज्या प्रोरेझ फाइलींत काम करतात त्या टीव्हीला वाचताच येत नाहीत. त्याला घरगुती सिनेमे आणि मोबाइलचे व्हिडिओ माहीत, धंद्यातली फाइल समोर आली की तो तोंड फिरवतो. म्हणून टीव्हीला फक्त पडदा म्हणून वापरायचं आणि त्याच्यामागे एक छोटा कॉम्प्युटर लावायचा, असं ठरलं. त्यावर कोडी हे व्हिडिओ बघायचं सॉफ्टवेअर टाकलं. कोडी मूळचं एक्सबॉक्स या खेळण्याच्या यंत्रासाठी हौशी मंडळींनी लिहिलेलं, २०१४ला त्याचं हे नाव झालं. फुकट आहे, रिमोटवर चालतं, आणि मुख्य म्हणजे डायरेक्टरला माउस धरायला लागत नाही. डायरेक्टरच्या हातात माउस देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

सोबतीला व्हीएलसी होतंच. त्याची जन्मकथा मला फार आवडते, कारण ती आमच्याच कामाची आहे. १९९६च्या सुमारास पॅरिसच्या एकोल सांत्राल या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या पोरांना होस्टेलचं नेटवर्क वेगवान करून हवं होतं. त्यासाठी भारदस्त कारण म्हणून त्यांनी कॅम्पसच्या नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवण्याचा प्रकल्प काढला. म्हणजे आज जगभर जे नारिंगी शंकूचं चिन्ह दिसतं ते मुळात नेटवर्कवरून चित्र दाखवण्याच्या खटपटीतून आलं. २०२२मध्ये व्हीएलसीची वेबसाइट आपल्याकडे काही महिने उघडत नव्हती. तेव्हा मी त्याची प्रत खिशात बाळगून फिरायचो, लोक विडी मागावी तशी मागायचे.

आता गणित. ते केल्याशिवाय या कामात हात घालू नये. गिगाबिट लॅन म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १२५ मेगाबाइट. प्रत्यक्षात ११०च्या आसपास हाती लागतं. टेलिकास्ट कॉपीला लागतात ५० मेगाबिट. प्रोरेझ एचक्यू मास्टर, फुल एचडी, पंचवीस फ्रेमचा, त्याला १८४ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला २३ मेगाबाइट. कागदावर बघितलं तर रस्ता मोकळा आहे. पण प्रिव्ह्यूला वेग लागतो त्यापेक्षा सातत्य जास्त लागतं. फाइल कॉपी होताना मधे अर्धा सेकंद थांबली तर कुणाला कळतही नाही. चित्र मात्र दर चाळीस मिलिसेकंदांना पुढची फ्रेम मागतं, आणि ती आली नाही की खोलीतल्या सगळ्यांना कळतं.

यासाठी प्लेयर थोडं पुढचं भरून ठेवतो. आपल्या सोसायटीची पाण्याची टाकी धरा. महापालिकेचं पाणी त्याच्या वेळेला येतं, कधी जोरात, कधी करंगळीएवढं, पण टाकी भरलेली असली तर घरातल्या नळाला त्याचा पत्ता लागत नाही. कोडीच्या जुन्या आवृत्त्यांत ही टाकी वीस मेगाबाइटच्या आसपास असायची. सिनेमाला ती पुष्कळ झाली. पण सेकंदाला २३ मेगाबाइट पिणाऱ्या मास्टरला ती एक सेकंदही पुरत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी ती वाढवून ठेवली. अर्थात आत येणारा पाइपच बाहेर जाणाऱ्यापेक्षा बारीक असेल तर टाकी कितीही मोठी बांधा, ती रिकामी होणारच. हे पुढे पावसाळ्यात बघायला मिळालं.

बरेच महिने सगळं सुरळीत चाललं. पेनड्राइव्ह खणात गेले. आणि एका संध्याकाळी ताईंचा फोन, "अरे, परत लटकतंय बघ. चॅनेल बसलंय इथे." आवाजावरून कळलं की जेवण बाजूला ठेवून निघायला हवं.

जाऊन बघतो तर प्रकार विचित्र. टेलिकास्ट कॉपी लोण्यासारखी चालत होती. मास्टर मात्र लावला की एक-दोन सेकंद धावायचा आणि ठप्प. खोलीत तोवर निकाल लागलेला होता: मास्टर खराब निघालाय, परत एक्स्पोर्ट करा. एडिटर बिचारा परत काढत बसलेला, परत काढलेलाही अडकत होता. कुणी म्हणालं कोडी बदला, कुणी म्हणालं डिस्क भरलीय. मला मात्र त्या दोन फाइलींच्या वागण्यातच उत्तर दिसत होतं. ५० मेगाबिट जातात आणि १८४ जात नाहीत, म्हणजे मधला रस्ता १००चा झालाय.

प्रिव्ह्यूच्या कॉम्प्युटरवर लिंकचा वेग बघितला. १००. कपाट उघडलं. स्विचवर, म्हणजे लॅनच्या सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या खोक्यावर, बाकीच्या खाचांचे दिवे हिरवे, आणि प्रिव्ह्यूच्या खाचेचा एकटा पिवळा. या स्विचमध्ये पिवळा म्हणजे गिगाबिट नाही. वायर दोन्ही टोकांनी काढून टेस्टर लावला. त्या टेस्टरवर आठ बारीक दिवे असतात, एकापाठोपाठ एक लागत जातात. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सात लागला नाही. आठही नाही.

लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या पिळलेल्या. क्रिंप करताना क्रम पाठ असतो: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. १०० मेगाबिटला यातल्या फक्त नारिंगी आणि हिरव्या जोडीवर भागतं. निळी आणि तपकिरी नुसत्याच बसून असतात. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात. एखादी तुटली की दोन्ही टोकांची यंत्रं आपसात समजून घेतात आणि मुकाट्याने १००वर येतात. ना भोंगा, ना लाल दिवा, ना पडद्यावर एखादं वाक्य. इंटरनेट चालतं, फाइली दिसतात, लहान फाइल वाजतेसुद्धा. म्हणूनच हा दोष माणसाला महिनोन्‌महिने चकवतो.

टॉर्च घेऊन वायरीच्या मागे मागे गेलो. कपाटातून निघून ती जिन्याच्या वळणावरून, एसीच्या आउटलेटच्या पाइपाला चिकटून पलीकडच्या खोलीत गेली होती. पावसाच्या आधी कुणीतरी तो पाइप सरळ करून घेतला होता, आणि करणाऱ्याने नीटनेटकेपणा म्हणून पाइप आणि वायर एकत्र धरून वर क्लिपचा खिळा ठोकला होता. खिळा वायरीच्या कडेला घुसलेला. नखाने आवरण सोललं, तर आत तपकिरी जोडी कापलेली आणि तिच्या तांब्याला हिरवट रंग चढलेला. पाइपाचं पाणी हळूहळू आत मुरत होतं. खिळा ठोकला त्या दिवशी बहुधा एखादा धागा शिल्लक असेल. पावसाने उरलेलं काम केलं.

चॅनेलच्या मॅडम तोवर मागे येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "एवढीशी वायर?" मी म्हटलं, "मॅडम, त्यातलीही पाव."

त्या रात्री तात्पुरती वायर जमिनीवरून टाकून एपिसोड लॉक झाला. दुसऱ्या दिवशी नवीन ओढली, या वेळी पीव्हीसी पट्टीतून आणि एसीपासून लांब. वायर घेताना एक सांगणं आहे. लॅमिंग्टन रोडवर स्वस्तातली जी मिळते तिच्यात पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या तारेला वरून तांब्याचा मुलामा असतो. सोलून ब्लेडने खरवडलं की आतली चांदीसारखी तार दिसते. ती लवकर मोडते आणि लांबवर टिकत नाही. सबंध तांब्याचीच घ्यावी. नॅसवर लाख रुपये घालणारी माणसं वायरीत पाचशे रुपये वाचवतात, याचं मला कोडं उलगडलेलं नाही.

वायर झाली तरी मधलं संपत नाही. त्यानंतर येते बोलीची भानगड. नॅसशी बोलायच्या मुख्य दोन पद्धती. एनएफएस ही सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४मध्ये काढली, युनिक्सवाल्यांची. दुसरी एसएमबी, विंडोजवाल्यांची. युनिक्सच्या यंत्रांना ती बोलता यावी म्हणून ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी सांबा लिहायला घेतलं, आणि आज बाजारातलं जवळजवळ प्रत्येक नॅस आतून लिनक्स असल्यामुळे त्याच सांबावर उभं आहे. ताईंकडे विंडोज आणि मॅक दोन्ही, म्हणून एसएमबी घेतलं. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने एसएमबीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून जगभर धुमाकूळ घातला, आणि त्याच वर्षी विंडोज १०च्या नव्या प्रतींतून ती आवृत्ती मुळातच बंद झाली. बरोबरच केलं. पण त्याने असंख्य जुने मीडिया प्लेयर रातोरात मुके झाले, कारण त्यांना तेवढी एकच बोली येत होती. अजूनही लोक मला विचारतात, "ते जुनं चालू करून देता का, म्हणजे आमचा प्लेयर चालेल?" मी नाही म्हणतो. प्लेयर दोन-चार हजारांचा असतो, त्याच्यासाठी वर्षभराचं शूटिंग दारात ठेवायचं नाही.

मग नावं. हे प्रकरण खास आपल्या भाषेचं आहे म्हणून सविस्तर सांगतो. एडिटरने मॅकवर फोल्डर केलं, त्यात देवनागरीत नाव होतं, ‘दुसऱ्या भागाचे प्रोमो’ असं काहीतरी. ते जुन्या मॅक डिस्कवरून आरसिंक हे कॉपी करायचं साधन वापरून थेट नॅसवर चढवलं. पडद्यावर नाव अगदी व्यवस्थित. पण विंडोजवर बनवलेल्या प्लेलिस्टला त्या फोल्डरातली एकही फाइल सापडेना. नाव पुन्हा पुन्हा ताडून बघितलं, एका काना-मात्रेचा फरक नाही. फरक होता तो ‘ऱ्या’मधल्या ‘ऱ’मध्ये. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एकतर अख्खं एक चिन्ह, नाहीतर साधा ‘र’ आणि त्याच्याखाली नुक्ता. दिसायला दोन्ही सारखेच. जुनी मॅक डिस्क नाव साठवताना अशी अक्षरं फोडून ठेवायची. विंडोजच्या कळफलकावरून आलेलं अख्खं होतं. माणसाला एक दिसणारी दोन नावं यंत्राला दोन निराळी. ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’, ‘तिसऱ्या’ अशी नावं असणाऱ्यांनी सावध असावं. ताईंना वाईट वाटलं, कारण त्यांना फोल्डरांना मराठी नावं द्यायला आवडतात. पण तेव्हापासून नियम झाला: फाइलीचं नाव रोमन, लहान लिपीत, मधे जागा नाही, तारीख उलट्या क्रमाने आधी. मराठी हवं तेवढं फाइलीच्या आत.

आणि ‘फायनल’ हा शब्द नावात बंद. फायनल, फायनल टू, फायनल लास्ट, फायनल लास्ट न्यू. यातलं कुठलं चॅनेलला गेलं हे काढता काढता टेलिकास्टची वेळ येते.

अर्धवट फाइलीचं दुखणंही याच जातीचं. एडिटरने एक्स्पोर्ट लावला की फाइल प्रिव्ह्यूच्या यादीत लगेच दिसू लागते. सोफ्यावरचा माणूस उतावीळ, तो लगेच लावतो. पण क्विकटाइम प्रकारच्या फाइलीची अनुक्रमणिका सहसा सगळ्यात शेवटी लिहिली जाते. ती नसताना प्लेयरला आत काय कुठे आहे हेच कळत नाही. मग "फाइल करप्ट आहे" अशी बोंब. उपाय सोपा: एक्स्पोर्ट वेगळ्या फोल्डरात करायचा आणि पुरा झाला की नॅसच्या आतल्या आतच प्रिव्ह्यूच्या फोल्डरात सरकवायचा. सरकवायला क्षण लागतो. प्रिव्ह्यूच्या यंत्राला बाकीचं काही दिसायलाच नको.

हो, दिसायलाच नको. यावर ताईंचा आणि माझा वाद झाला. त्यांचं म्हणणं, डायरेक्टर सरांना कधी जुना सीन बघावासा वाटतो, त्यांना सगळं उघडं असू दे. मी म्हटलं, ताई, बघू देत की, पण फक्त वाचायची परवानगी. लिहायची नाही, पुसायची नाही. प्रिव्ह्यूच्या रिमोटवर कुणाचं बोट कधी कुठे पडेल सांगता येत नाही. तिथे मुलंही येऊन बसतात, सोफ्यावर कार्टून बघतात. शेवटी त्यांना पटलं. प्रिव्ह्यूसाठी वेगळा वापरकर्ता, वेगळा पासवर्ड, फक्त वाचन. मला विचाराल तर या सबंध जोडणीतली ही पहिली पायरी असायला हवी आणि लोक ती शेवटी करतात, किंवा करतच नाहीत.

पत्त्याची गोष्ट थोडक्यात. राउटर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता देतो आणि वीज जाऊन आली की कधी कधी तो वेगळाच देतो. कोडी जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतं. नॅसचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवला की प्रश्न मिटतो. पाच मिनिटांचं काम आहे. ते न केल्यामुळे मला आलेल्या फोनांची मोजदाद नाही.

टेपांच्या काळात यातलं काहीच नव्हतं. टेप मशिनमध्ये घातली की वाजायची. बीटाकॅमच्या टेपा पिशवीत घालून बाइकवरून चॅनेलवर पोहोचवायचं काम मीही केलंय, पावसात शर्टाच्या आत धरून. ११ मार्च २०११ला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली आणि मियागी प्रांतातला सोनीचा टेप बनवणारा कारखाना बंद पडला. एचडीकॅम-एसआरच्या टेपांची जगभर टंचाई झाली, आणि जे लोक फाइलींवर यायला काचकूच करत होते तेही आले. २०१६च्या मार्चमध्ये सोनीने बीटाकॅमच्या टेपा विकणंच थांबवलं. काही जुने एडिटर अजून हळहळतात, पण मी नाही. टेप एकच माणूस एका वेळी बघू शकायचा, आणि ती ज्याच्या खणात असेल त्याची मिजास सांभाळावी लागायची.

सामायिक साठवणीत मिजास गेली, पण पसारा सगळ्यांचा झाला. नॅसला एकच गिगाबिटची तार असली तर ते ११० मेगाबाइट तिघा एडिटरांत आणि प्रिव्ह्यूत वाटले जातात. एकाने तीन कॅमेऱ्यांचा सीन लावला, दुसऱ्याने एक्स्पोर्ट, आणि कुणीतरी शूटवरून आलेलं कार्ड उतरवायला घेतलं, की सोफ्यावर चित्र थबकणारच. फिरत्या डिस्कला एकाच वेळी चार ठिकाणी सुई न्यावी लागते, ती दमते. नॅस आणि स्विचच्या मधली जोडणी दहा गिगाबिटची करणं हा खरा इलाज, आणि पुढे तो केलाही. तोवर ताईंनी एडिट रूमच्या पांढऱ्या फळ्यावर लिहून ठेवलं होतं: ‘प्रिव्ह्यू चालू असताना कार्ड उतरवू नये. बॅकअप रात्री.’ खर्च शून्य. फळ्यानेही पुष्कळ भागलं.

हे झालं धंद्याचं. अलीकडे सोसायटीतले लोकही विचारतात. आमच्या मंडळाकडे गणपतीच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट होत्या. मिरवणूक, पोरांच्या नाटुकल्या, अंगणातली हळदीकुंकवं, घरं बैठी होती तेव्हाची. त्या फाइली करून घेतल्या आणि मंडळाच्या ऑफिसात दोन डिस्कचं एक लहानसं नॅस ठेवलं. इथे गिगाबिटही नको नि दहाही नको. अशी फाइल ८ मेगाबिटमध्ये आरामात बसते, साधं वायफाय आणि टीव्हीतलं स्वतःचं ॲप तिला पुरतं. एकच खोड: व्हीएचएसचं चित्र एकाआड एक ओळींनी साठवलेलं असतं, त्यामुळे नव्या टीव्हीवर हलणाऱ्या माणसांच्या कडांना फणीसारखे दात दिसतात. प्लेयरमध्ये डीइंटरलेस चालू केलं की जातात. घरच्या कामाला कुणी तुम्हाला महागडा स्विच आणि सर्व्हर सुचवत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

नॅस मात्र तळमजल्यावर जमिनीलगत ठेवू नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, त्याची आठवण ज्यांच्या घरात आहे त्यांना कारण सांगायला नको. छातीच्या उंचीवर, हवा लागेल अशा जागी, यूपीएसवर.

आणि एक शेवटचं, कारण हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं जातं. नॅसमध्ये चार डिस्क आहेत, एक गेली तरी बाकीच्या सांभाळतात, हे खरं. पण चुकून पुसलेली फाइल चारही डिस्कांवरून एकाच क्षणी जाते. व्हायरसने कुलूप लावलं तर चारहींना लावतो, आणि कपाटावर पाणी पडलं तर ते चारहींवर पडतं. तेव्हा तुमच्याकडे असं खोकं असेल, मग ते एडिटचं असो की घरच्या लग्नाच्या व्हिडिओंचं, तर या आठवड्यात एक वेगळी डिस्क आणा, सगळं तिच्यावर उतरवा, वायर काढून ती दुसऱ्या घरात, बहिणीकडे नाहीतर मित्राकडे ठेवा. आणि नॅसचा पत्ता, वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड एका वहीत लिहून ती वही घरातल्या दुसऱ्या एका माणसाला दाखवून ठेवा.